मेलेली सोंगटी परत येते ती कशी? शोगीबद्दल वाचकांचे प्रश्न

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुद्धिबळाचा फिडे विश्वचषक गोव्यात झाला. घरातला पट बाहेर काढलेल्या काही वाचकांनी आता त्याच्या जपानी भावंडाविषयी विचारलं आहे. दोघांचं मूळ आपल्याच चतुरंगात. पण शोगीत दोन-तीन नियम असे आहेत की बुद्धिबळात मुरलेला माणूसच जास्त अडखळतो.

प्रश्न : शोगीचा संच मागवला. सोंगट्या चाळीस, सगळ्या एकाच लाकडी रंगाच्या, वर जपानी अक्षरं. कोणती कोणाची तेच कळेना. मांडायच्या कशा?
— वाचक, फोंडा

रंग पाहू नका, टोक पाहा. प्रत्येक सोंगटी पाचकोनी आणि एका बाजूला निमुळती असते. तुमच्या सोंगट्यांची टोकं समोरच्याकडे, त्याच्या सोंगट्यांची तुमच्याकडे. दोघांच्या वीस-वीस.

पट ९ बाय ९, म्हणजे ८१ घरांचा, आणि घरांना काळा-पांढरा रंग नाही. तुमच्या जवळच्या ओळीत मधोमध राजा, त्याच्या दोन्ही हातांना सोनं, मग चांदी, मग घोडा, कोपऱ्यात भाला. सोनं-चांदी म्हणजे सुवर्ण आणि रौप्य सेनापती, जपानीत किन आणि गिन. दुसऱ्या ओळीत दोनच सोंगट्या: उजव्या घोड्यापुढे हत्ती, डाव्या घोड्यापुढे उंट. तिसऱ्या ओळीत नऊ प्यादी. हत्ती आणि उंटाची अदलाबदल ही मांडणीतली नेहमीची चूक. तपासायला सोपं आहे: तुमच्या हत्तीच्या उभ्या रांगेत पलीकडे समोरच्याचा उंट दिसला पाहिजे. तिथे हत्ती दिसला तर कोणीतरी उलटं मांडलंय.

राजा, हत्ती, उंट आपल्यासारखेच चालतात. प्यादं एक घर पुढे जातं आणि मारतंही सरळ समोरचंच. तिरकं मारणं इथे नाही. भाला सरळ पुढे हवा तितका धावतो, मागे कधीच येत नाही. घोडा अडीच घरांचाच आणि मधल्यांवरून उडी मारणारा, पण फक्त पुढे. त्यामुळे त्याला जायला दोनच घरं. सोन्याला सहा घरं: पुढची तीन, दोन बाजूंची आणि थेट मागचं. चांदीला पाच: पुढची तीन आणि मागची दोन तिरकी. पहिल्या आठवड्यात सगळा गोंधळ या दोघांचाच होतो. सोन्याला मागचे कोपरे नाहीत, चांदीला बाजू नाहीत आणि पाठ नाही, एवढं घोकलं की पुरे.

वजीर नाही, किल्लेकोट नाही, प्याद्याची पहिली दोन घरांची उडी नाही.

प्रश्न : मामा म्हणतात, मारलेली सोंगटी आपल्या बाजूने परत पटावर ठेवता येते. कुठेही? केव्हाही? मग डाव संपणार कधी?
— वाचक, म्हापसा

मामांचं बरोबर आहे, आणि सगळी शोगी याच नियमात आहे. मारलेली सोंगटी मरत नाही, फितूर होते. ती तुमच्या उजव्या हाताला, समोरच्याला स्पष्ट दिसेल अशी ठेवायची. मुठीत किंवा मांडीवर लपवायची नाही. मग तुमच्या कोणत्याही पाळीला, पटावरची सोंगटी हलवण्याऐवजी, हातातली एक सोंगटी रिकाम्या घरात ठेवता येते. टोक समोरच्याकडे वळवलं की ती तुमची. रंग एकच असण्याचं कारण हेच.

ठेवणं हीच पूर्ण चाल. ठेवून लगेच हलवता येत नाही, आणि ठेवताना त्याच चालीत कोणाला मारता येत नाही. शह मात्र देता येतो, मातही.

जवळून पाहू. समोरच्याचा राजा त्याच्या शेवटच्या ओळीत मधल्या घरात आहे आणि त्याच्या आसपास मदतीला कोणी नाही. त्याच्या पुढचं घर रिकामं, आणि त्या घराच्या अलीकडे तुमचं एक प्यादं. हातात सोनं आहे. ते राजाच्या अगदी नाकासमोर ठेवा. राजाला ते मारता येत नाही, कारण मागून प्याद्याचा जोर आहे. बाजूची दोन घरं आणि पुढची दोन तिरकी घरं सोन्याने अडवली आहेत. मात. आता सोन्याऐवजी चांदी असती तर? चांदीला बाजू नाहीत, म्हणून राजा चांदीच्या शेजारच्या घरात तिरका उतरून निसटतो. म्हणूनच जाणते खेळाडू शेवटच्या वारासाठी एक सोनं हातात राखून ठेवतात.

‘कुठेही’ याला तीन अपवाद आहेत. पहिला निफू, म्हणजे दोन प्यादी: ज्या उभ्या रांगेत तुमचं बढती न मिळालेलं प्यादं आहे, तिथे दुसरं ठेवता येत नाही. नवशिके इथेच हमखास पडतात, कारण आपलं जुनं प्यादं त्याच रांगेत पार खाली उभं असतं आणि नजर वरच्या लढाईत गुंतलेली. स्पर्धेत नियमबाह्य चाल म्हणजे डाव तिथेच हरला. व्यावसायिक खेळाडूही टीव्हीवरच्या डावात निफू करून हरले आहेत. प्यादं उचलण्याआधी ती रांग बोटाने वरून खालपर्यंत तपासायची सवय लावा. दुसरा: जिथून पुढे चालच उरत नाही तिथे ठेवायचं नाही. म्हणजे प्यादं आणि भाला शेवटच्या ओळीत नाही, घोडा शेवटच्या दोन ओळींत नाही. तिसरा उचिफुझुमे: हातातलं प्यादं ठेवून त्याच चालीत मात करता येत नाही. त्याने नुसता शह द्यायला हरकत नाही. पटावरचं प्यादं एक घर सरकवून मात झाली तरी हरकत नाही. बंदी फक्त हातातल्या प्याद्याला.

‘आधी साधं खेळू, ठेवण्याचा नियम मागाहून शिकू’ असं काही घरांत चालतं. तसं करू नका. या नियमाशिवाय शोगीच्या सोंगट्या इतक्या मंद आहेत की डाव रटाळ होतो, आणि लागलेल्या सवयी पुढे मोडाव्या लागतात. डाव संपण्याची काळजी मात्र नको. पट रिकामा होत नाही, तशी राजाला लपायला मोकळी जागाही राहत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. सोंगटी उलटी केव्हा करायची? आणि उंटाचा घोडा होतो असं मित्र म्हणतो, ते खरं का?
— पेडणे

तुझा मित्र नावापुरता खरा आहे. समोरच्याच्या बाजूच्या तीन ओळी हा बढतीचा मुलूख. चाल तिथे शिरणारी असो, तिथल्या तिथे असो वा तिथून बाहेर येणारी, चाल पूर्ण होताना सोंगटी उलटता येते, म्हणजे पालथी करून मागची खूण वर आणता येते. हीच बढती. प्यादं, भाला, घोडा, चांदी हे चौघे उलटले की अगदी सोन्यासारखे चालतात. हत्तीला बढतीनंतर चारही तिरक्या दिशांना एकेक घर जास्त मिळतं, त्याचं नाव र्यू, म्हणजे ड्रॅगन. उंटाला सरळ चार दिशांना एकेक घर मिळतं, त्याचं नाव उमा, आणि उमा म्हणजे घोडा! आपल्या अडीच घरांच्या घोड्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून तू त्याला उमाच म्हण. सोनं आणि राजा यांना बढती नाही.

उलटणं सक्तीचं नाही. चांदी बऱ्याचदा तशीच ठेवतात, कारण सोनं झालं की तिरकं मागे येता येत नाही. मात्र पुढे चालच उरणार नसेल तिथे उलटावंच लागतं: शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं किंवा भाला, शेवटच्या दोन ओळींतला घोडा. हातातून ठेवलेली सोंगटी नेहमी सुलटीच पडते, बढतीच्या मुलुखात ठेवली तरी. ती पुढच्या चालीला उलटेल.

आणि बढती मिळालेली सोंगटी मारली गेली की ती परत मूळपदावर. म्हणून उलटलेलं प्यादं, तोकिन, मोठं गुणाचं: काम सोन्याचं, आणि समोरच्याने मारलं तरी त्याच्या हाती लागतं नुसतं प्यादं. निफूच्या हिशेबात तोकिन धरत नाहीत.

प्रश्न : चवथीच्या सुट्टीत शाळेच्या मुलांकडून पाच-सहा संच बनवून घ्यायचे आहेत. मापं द्याल का? आमच्या सुताराने एक संच अर्धा काळा, अर्धा पांढरा रंगवून दिला, तो खेळता येत नाही.
— शिक्षिका, सांखळी

येणारच नाही, काळी सोंगटी मारून तुम्ही ती पांढरी कशी करणार? सगळ्या एकाच रंगात पुन्हा रंगवा, टोकं ठळक असतील तर संच वाचेल.

नवे करताना घर साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि ३.८ सेंटिमीटर लांब घ्या. शोगीचं घर चौरस नसतं, खेळाडूच्या दिशेने किंचित लांब असतं. राजा ३२ मिलिमीटर उंच आणि २९ रुंद, प्यादं २७ उंच आणि साडेबावीस रुंद, बाकीच्या सोंगट्या यांच्या मध्ये. पुठ्ठा टाळा. पावसाळ्यात तो ओल धरून वाकडा होतो, आणि पातळ सोंगटी पटावरून उचलून उलटता येत नाही. ३ ते ५ मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे किंवा सनबोर्ड चालेल. अक्षरांऐवजी मधे एक ठिपका आणि चालीच्या दिशांना बाण काढले तर मुलं पहिल्याच दिवशी खेळू लागतात. मागची बाजू लाल शाईने. एका संचात ३४ सोंगट्यांना मागे खूण लागेल. दोन राजे आणि चार सोनी मागून कोरी. प्यादं हमखास हरवतं, दोन जादा कापा.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मात्र ३ बाय ४ घरांचा ‘दोबुत्सु शोगी’ बरा. किताओ मादोका या जपानी व्यावसायिक खेळाडूने तो २००८ मध्ये आणला. चार-चार सोंगट्या, प्राण्यांची चित्रं, आणि ठेवण्याचा नियम त्यातही आहे.

प्रश्न : आधी कोणी खेळायचं? आणि डाव बरोबरीत सुटतो का?
— वाचक, काणकोण

एकाने पाच प्यादी हातात खुळखुळवून टाकायची. सुलटी जास्त पडली तर त्याची पहिली चाल, उलटी जास्त पडली तर समोरच्याची.

बरोबरी क्वचित होते. तीच स्थिती, तीच पाळी आणि हातात त्याच सोंगट्या असं चार वेळा झालं तर डाव रद्द, आणि पहिली चाल बदलून नव्याने खेळतात. पण ही पुनरावृत्ती सतत शह देऊन होत असेल तर शह देणारा हरतो. चालच उरली नाही तर बुद्धिबळात बरोबरी होते. शोगीत ज्याला चाल नाही तो हरला. शह तोंडाने सांगायची सक्ती नाही.

प्रश्न : नियम आले, पण विसाव्या चालीच्या आत माझा राजा संपतो. काय चुकतंय?
— वाचक, मडगाव

राजा मधोमध उभा ठेवून तुम्ही हल्ला करत असणार. समोरच्याच्या हाती एखादी चांदी आली की ती तुमच्या राजाशेजारी येऊन पडते. आधी राजा बाजूला न्या, मग भांडा.

घरांचे आकडे असे: पहिली चाल करणाऱ्याच्या उजवीकडून उभ्या रांगा १ ते ९, आणि समोरच्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ९. म्हणजे तुमचा राजा ५-९ वर, हत्ती २-८ वर. ७-७ चं प्यादं ७-६ ला सरकवून उंटाची वाट उघडा. समोरच्यानेही तेच केलं की दोन्ही उंट एकमेकांवर येतात. उंटांची अदलाबदल झाली तर दोघांच्या हातात एकेक उंट, आणि नवशिक्याला तो कुठून येऊन कोसळेल याचा पत्ता लागत नाही. म्हणून सध्या ६-७ चं प्यादं ६-६ ला आणून ती वाट बंद करा. मग हत्ती ६-८ ला. राजा ४-८, ३-८ करत २-८ ला. उजवी चांदी ३-८ ला, डावं सोनं ५-८ ला. उजवं सोनं ४-९ वर आहे तिथेच राहू द्या. एकूण आठ चाली. याला मिनो म्हणतात, आणि इतक्या कमी चालींत इतका भक्कम कोट दुसरा क्वचितच मिळतो. मात्र या आठ चाली डोळे मिटून करू नका. मधेच समोरच्याने एखाद्या सोंगटीवर जोर लावला तर आधी ती सांभाळा.

नववी चाल म्हणून कडेचं प्यादं १-६ ला न्या, म्हणजे वेळ आली तर राजाला १-७ ला निसटता येतं. ३-७ चं प्यादं मात्र हलवू नका. ते हललं की समोरच्याचा उंट ५-५, ४-६, ३-७ अशा तिरक्या वाटेने थेट २-८ वर येतो, आणि तिथे तुमचा राजा बसलेला असतो.