सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं नसतं

ताई, दोन वर्षांपूर्वी मी चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला. शेजारी बसलेली मैत्रीण गेली. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला तरी मला अजून घाम फुटतो, रात्री दचकून जाग येते. गाडी चालवणं सोडलंय. समुपदेशनाला गेले, तर पहिल्याच भेटीत सगळं सांगायला लावलं. नंतरचा आठवडा इतका वाईट गेला की पुन्हा गेले नाही. घरचे म्हणतात, विसरून जा. ती गेली, मग मी का उरले? हे उपचार माझ्यासाठी नाहीतच का?

*

आधी तुमच्या त्या ‘मी का उरले’बद्दल. हा प्रश्न कधी ‘आपणही नसावं’ इथवर जातो का? जात असेल तर पुढचं नंतर वाचा. आजच घरातल्या कुणाला तरी स्पष्ट सांगा आणि त्यांना सोबत घेऊन मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

आता त्या भेटीबद्दल. ओळख नाही, तयारी नाही, आणि सगळं ओतायला लावून वेळ संपली म्हणून घरी पाठवायचं, हे मला मुळीच पटत नाही. तुम्ही परत गेला नाहीत यात नवल नाही. पण एका घाईच्या भेटीवरून सगळ्या उपचारांवर फुली मारू नका.

एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्स्पोजर ही पद्धत आठवणीला थेट सामोरं जायला लावते. त्यातही सुरुवातीच्या भेटी समजावून सांगण्यात जातात; प्रसंग डोळ्यांसमोर आणून सांगणं साधारण तिसऱ्या भेटीपासून सुरू होतं. ईएमडीआर ही दुसरी उपचारपद्धत १९८७ पासून फ्रॅन्सिन शपिरो यांनी विकसित केली. त्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडे नजर ठेवतात, बोलावं कमी लागतं. डोळ्यांच्या हालचालींनी नेमकं काय साधतं यावर तज्ज्ञांत वाद आहेत, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक विकारासाठी, ईएमडीआर आणि आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) या दोन्हींची शिफारस केली.

तुमच्या पत्रात भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त दिसला, म्हणून मी आधी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीची चौकशी करायला सांगेन. पॅट्रिशिया रेसिक यांची ही पद्धत साधारण १२ भेटींची असते. ‘हे माझ्यामुळेच झालं’ यासारखी मनात घट्ट बसलेली वाक्यं कागदावर घेऊन तपासायची: त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं, काय करणं शक्य होतं? अपघाताचं तपशीलवार वर्णन न करताही ही थेरपी घेता येते. अर्थात तुम्हाला पीटीएसडीच आहे का, हे तपासूनच ठरेल. पत्रावरून निदान करणारी मी कोण!

घरच्यांचं ‘विसरून जा’ प्रेमापोटी आहे, पण त्याचा उपयोग नाही. गाडी टाळून आज हायसं वाटतं, आणि त्यामुळेच भीती टिकून राहते. झोपेच्या गोळ्याही स्वतःहून सुरू करू नका.

नवा थेरपिस्ट निवडताना फोनवरच विचारा: आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय? पहिल्या तीन भेटींत काय होईल? मध्येच मी ‘थांबा’ म्हटलं तर? उत्तर देताना समोरचा चिडला, तर दुसरा नंबर फिरवा. आणि थेरपी सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस जड गेले, तर भेटी बंद करण्याआधी ते थेरपिस्टच्या कानावर घाला. वेग कमी करता येतो.