एडिनबऱ्यात घर शोधताना: पुण्याहून निघणाऱ्या कुटुंबासाठी

तुम्ही लिहिलंय की एडिनबऱ्यातली नोकरी पक्की झाली, ऑक्टोबरात निघायचंय, बरोबर नवरा आणि सहा वर्षांची मुलगी आहे, आणि घर किल्ल्याजवळ, ओल्ड टाउनमध्येच हवंय. नोकरीबद्दल अभिनंदन. घराबद्दल मात्र माझं मत उलट आहे. ओल्ड टाउनमध्ये फिरायला रोज जा, पण पहिलं वर्ष तरी तिथे राहू नका.

ओल्ड टाउन आणि त्याच्या शेजारचं, अठराव्या शतकात आखलेलं न्यू टाउन हे दोन्ही भाग 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. याचा भाडेकरूशी संबंध येतो तो खिडकीतून. तिथल्या खिडक्या लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या आणि बऱ्याचदा एकेरी काचेच्या असतात. वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीत त्या बदलून दुहेरी काचेच्या बसवायच्या तर मालकालाही कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, परवानगी काढावी लागते. छत उंच, भिंती दगडी. फोटोत हे सगळं देखणं दिसतं, पण जानेवारीत ऊब छताला जाऊन बसते आणि गॅसचं बिल तुमच्याकडे येतं. म्हणून घर बघताना ऊर्जेच्या दाखल्यावरची (घर किती ऊर्जा खातं ते सांगणारी) श्रेणी आधी विचारा, मग खिडकी स्वतः उघडून बघा (काही ठिकाणी ती रंगाच्या थरांनी कायमची चिकटलेली असते). आतून जुनी लाकडी झडप शाबूत असेल तर घराला एक मार्क जास्त द्या. रात्री ती लावली की खरंच फरक पडतो.

दुसरी गोष्ट ओलीची. पाऊस इथे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकाच. पण पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथे बाराही महिने पसरलेला असतो. त्यामुळे कपडे घरातच वाळत घालावे लागतात, त्याची वाफ गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. घर दाखवणाऱ्याला संकोच न करता कपाट सरकवायला सांगा. नुकताच रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर तिथे नाक लावून वास घ्या.

आणि ऊन. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारपर्यंत मावळलेला असतो. बसायची खोली दक्षिणेकडे असेल तर भाडं थोडं जास्त द्यायला हरकत नाही. ड जीवनसत्त्वाची गोळी इथलं सरकारच सगळ्यांना हिवाळ्यात घ्यायला सुचवतं, ती आल्या आल्या सुरू करा.

ऑक्टोबर निवडलात ते फार बरं केलंत. ऑगस्टमध्ये इथे नाटक-संगीताचे फेस्टिव्हल असतात, 1947 पासूनची परंपरा. तेव्हा आठवडाभराची खोली घ्यायची तरी खिसा रिकामा होतो. सप्टेंबरात विद्यार्थ्यांची झुंबड. त्यानंतर बाजार जरा शांत होतो. पहिले काही आठवडे तात्पुरती सोय करा आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका, समोरचा कितीही घाई करो. स्कॉटलंडमध्ये घरमालकाची सरकारी नोंदणी लागते, तो क्रमांक जाहिरातीत असतो आणि ती नोंदवही कुणालाही बघता येते. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच मागता येतं, आणि ते मालकाने स्वतःकडे न ठेवता 30 कामकाजी दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायचं असतं. 'कागदपत्रांचा खर्च' म्हणून एजंटाने वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, ते इथे बेकायदा आहे. डिसेंबर 2017 नंतरच्या करारांना शेवटची तारीख नसते. तुम्हाला सोडायचं असेल तर 28 दिवसांची नोटीस पुरते, त्यामुळे पहिलं घर आयुष्यभराचं समजून निवडायचा ताण घेऊ नका.

भाड्यावर कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) वेगळा, तो भाडेकरू भरतो आणि पाणीपट्टी त्याच बिलात येते. तुम्ही आधी एकट्या येऊन घर लावणार असाल तर घरात एकच प्रौढ म्हणून 25 टक्के सवलत मिळते, ती मागून घ्या.

मग राहायचं कुठे? तुमच्या जागी मी आधी लीथ वॉकच्या आसपास बघेन. 2023 पासून ट्राम पार न्यूहेवनपर्यंत जाते आणि डाळ-पिठाची दुकानं चालत्या अंतरावर आहेत. मार्चमाँट सुंदर, पण विद्यार्थ्यांचं. कॉर्स्टॉर्फिन शांत, बंगल्यांचं, मुलं असलेल्यांना आवडतं. 'कॉलनीज'मधलं घर मिळालं तर सोडू नका. 1861 पासून कामगारांच्या सहकारी कंपनीने बांधलेल्या या छोट्या ओळी आहेत, वरच्या घराला बाहेरून दगडी जिना. इतिहासही मिळतो आणि खिडकीखाली पर्यटकांच्या चाकांच्या बॅगा खडखडत नाहीत.

पत्त्यात 2एफ1 असं दिसेल. म्हणजे दुसरा मजला, पहिला फ्लॅट, आणि जवळजवळ नक्कीच लिफ्ट नाही. सामायिक जिना झाडायची पाळी असते, ती शेजाऱ्यांना आधीच विचारा. ओळख व्हायलाही तेवढंच निमित्त.

शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून भाड्याआधी त्या पत्त्याची शाळा कोणती ते कौन्सिलच्या नकाशावर बघा. वर्ष ऑगस्टच्या मध्यात सुरू झालेलं असेल, मुलगी बहुधा प्रायमरी टूमध्ये बसेल. प्रायमरी फाइव्हपर्यंत शाळेत दुपारचं जेवण फुकट आणि 5 ते 21 वयाला बसही फुकट, पण बसचं कार्ड काढावं लागतं. डॉक्टरकडे आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा. चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक. ओल्ड टाउनच्या मुख्य रस्त्यावर, रॉयल माइलवर, जेम्स कोर्टात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस राहायचे. सरसकट पाडापाडीऐवजी जुन्या वस्त्या जागच्या जागी सुधाराव्यात, हे त्यांनी तिथे करून दाखवलं. हेच गृहस्थ 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पहिल्या मोकळ्या रविवारी मुलीला घेऊन तिकडे जा. किल्ल्यावरची एक वाजताची तोफ रविवारी उडत नाही, त्यामुळे ती दचकणारही नाही.

सामानाचं विचारलंत. छत्र्या नकोत, वारा त्या उलट्या करतो. टोपीचा रेनकोट इथेच घ्या. कुकर आणा, जादा रिंग आणि शिट्टीसकट, पण इंडक्शनवर चालणारा. साधा ॲल्युमिनियमचा इथल्या बऱ्याच शेगड्यांवर तापणार नाही. तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावत चला. फेब्रुवारी 2022 पासून घरातले आगीचे सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात, त्यामुळे धूर हॉलपर्यंत गेला की सगळं घर एकदम बोंबलतं.