हॉटेलच्या आधी तिथी बघा

मागच्या अंकात किनाऱ्यावरच्या शांत गावांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण ते नीट वाचा, कारण बाकीच्या उत्तरांतही तेच लागणार आहे.

ताई, भाऊबीज झाल्यावर आम्ही नागावला गेलो होतो. सी-फेसिंग रूम म्हणून जास्त पैसे भरले. सकाळी नऊला मुलांना घेऊन खाली उतरलो तर समुद्र कुठच्या कुठे गेलेला, नुसती ओली वाळू. पाणी आलं दुपारी तीनला, तेव्हा आम्ही बॅगा भरून मांडव्याची बोट पकडायला निघालेलो. हे आधी कळायचा काही उपाय असतो का? – एक वाचक, लालबाग

असतो, आणि त्याला ॲपसुद्धा लागत नाही. तुमच्या वेळांवरूनच सांगते, तुम्ही गेलात त्या दिवशी चतुर्थी असणार, नाहीतर तिच्या अलीकडची-पलीकडची तिथी. माझं आजोळ रेवदंड्याचं, तिथे आजी बोटांवर हिशेब करायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सहा तास पुढेमागे, म्हणजे नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सुट्टी ठरवायला एवढं पुरतं.

हे असं जमतं कारण भरती चंद्रामागे चालते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच रोज पुढे सरकते. आणि नुसती वेळच नाही हो, पाणी किती चढणार तेही तिथीवरूनच कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, मुंबईच्या किनाऱ्याला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे हटतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

म्हणून मी सांगते की रूम बघायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवार-रविवारची तिथी बघा. सकाळी मुलांना शंख-शिंपले गोळा करायचेत, खेकड्यांची बिळं बघायचीत, मैलभर पुळणीवर (वाळूवर) चालायचंय, तर द्वितीया-तृतीया उत्तम, सकाळी सात-साडेआठला ओहोटी मिळते. पाण्यात खेळायचं असेल तर पाणी चढतं असताना खेळावं, उतरत्या पाण्याची ओढ आत नेते. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परत यायची वेळ चुकली तर मधे पाणी भरतं आणि अडकायला होतं, दरवर्षी कुणीतरी अडकतंच. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्गसुद्धा फक्त ओहोटीचा, तिथे लाटांनी खडकावरून माणसं ओढून नेलीत, गावकरी थांबा म्हणाले तर थांबायचं.

आणि २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरूडला पिकनिकला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, एकाच दिवसात डझनाहून जास्त, ते मी अजून विसरू शकत नाही. त्या महिन्यात समुद्र दिसायला शांतच असतो. अनोळखी पाण्यात कमरेच्या वर जाऊ नका, आणि ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडत बसू नका, किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला व्हा, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की मग किनाऱ्याकडे या.

आईबाबा दोघंही सत्तरीचे, गाडी नाही, आणि अलिबागची गर्दी नको. दादरहून ट्रेनने जाता येईल असं शांत गाव सांगा. – एक वाचक, दादर

केळवे. डहाणू लोकल केळवे रोडला थांबते, थेट गाडी नाही मिळाली तर विरारला बदला, तिथून पुढे वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड. स्टेशनपासून समुद्र सात-आठ किलोमीटर, बाहेर शेअर रिक्षा असतात. किनाऱ्याला सुरूची गर्द सावली आहे, पुळण सपाट आहे म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही चालवतं, आणि शीतलादेवीचं देऊळ अगदी जवळ. पण रविवारी दुपारी तिथेही गर्दी होते हे सांगून ठेवते, जमलं तर मंगळवार-बुधवार काढा, तेव्हा किनारा जवळजवळ तुमचाच. आईबाबांना केळवे-माहीमच्या वाड्यांमधून एक चक्कर मारून आणा (हे पालघरचं माहीम, आपलं नव्हे), पानमळे, नारळ-सुपारी, केळी, संध्याकाळी तिथून पायच निघत नाही. आणखी उत्तरेला जायची तयारी असेल तर बोर्डी, डहाणूपासून पंधरा-सोळा किलोमीटर, किनारा लांबच लांब आणि आजूबाजूला चिकूच्या बागा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, झाडाखालून घेतलेला चिकू खाल्ला की बाजारातला आवडत नाही.

मला आणि माझ्या दहावीतल्या मुलाला गळ टाकून मासे पकडायला शिकायचंय. यूट्यूब बघून रॉड घेतलाय. कुठे, कधी, आणि जूनमध्ये गेलो तर चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

जून नको. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तुम्ही किनाऱ्यावरून गरवणार, बोट घेऊन नाही हे खरं, पण पावसाळ्यात त्या खडकांवर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ आणि सोबत मूल आहे. (बंदीत ताज्या सुरमईच्या आशेनेही जाऊ नका, ताटात बहुतेक वेळा बर्फातलीच येते. तेव्हा सुकट, सुके बोंबील, नाहीतर खाडीची मासळी मागा.) नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, त्यानंतर समुद्र हळूहळू निवळतो. तुम्ही ऑक्टोबर उजाडू द्या.

वेळ तीच, तिथीची पाऊणपट करून भरती काढायची आणि तिच्या दोन तास आधी जाऊन बसायचं, चढत्या पाण्याबरोबर मासा चरायला कडेला येतो. आमिष म्हणून साधी कोळंबी चालते. खाडीच्या तोंडाशी शिंगाळा लागतो, खडकाजवळ तांब, आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा, रायगडकडे जिताडा म्हणजे पाहुण्याचा मान. बोयची आशा धरू नका, ती सहसा गळाला लागत नाही, तिला पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकावा लागतो. शिंगाळा लागला तर मात्र हाताने धरायचा नाही, पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत विषारी काटे असतात, फडक्याने किंवा पक्कडीने धरा. काटा लागलाच, शिंगाळ्याचा असो की पाकटाचा (स्टिंग-रेचा), तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, उष्णतेने ते विष निकामी होतं, आणि मग डॉक्टरकडे जा.

शेवाळलेल्या काळ्या खडकावर उभं राहायचं नाही आणि समुद्राकडे पाठ करायची नाही, हे दोन नियम मुलाकडून पाठ करून घ्या. गावच्या धक्क्यावर बसायचं असेल तर आधी विचारा, तो त्यांच्या कामाचा धक्का आहे, बोट लागायच्या वेळी तुमचा रॉड आडवा आला तर त्यांची खोटी होते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही असं. तो नियम मुख्यतः मच्छीमारांसाठी केलाय, पण तुम्हीही वीतभर नसलेलं पिल्लू परत सोडा ना. आणि तुटलेली नायलॉनची दोरी तिथे टाकू नका, खिशात घालून घरी आणा, पक्ष्यांच्या पायांत ती अडकलेली मी स्वतः सोडवलीय, पाय पार कापला गेला होता.

वेळासला कासवं बघायला जायचंय, मित्र म्हणतात गाडी थेट किनाऱ्यावर नेता येते. खरं का? – एक वाचक, अंधेरी

गाडी वाळूवर कुठल्याच गावात नेऊ नका. कासवीण वाळूत हात-दीड हात खोल अंडी घालते, चाकाखाली वाळू घट्ट दाबली गेली की पिल्लांना वर येता येत नाही, शिवाय भरती आली की तुमची गाडीही रुतणार आणि मग तिला ओढून काढायला गावातलाच ट्रॅक्टर बोलवावा लागणार. वेळासला २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी मिळून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची अंडी जपताहेत, किनाऱ्यावर कुंपण घालून त्यात ती ठेवतात. पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ चांगला. सकाळी आणि संध्याकाळी पिल्लं निघाली असतील तरच समुद्रात सोडतात, एखाद्या दिवशी एकही निघत नाही, म्हणून दोन रात्री राहायचंच ठरवून जा. राहायची सोय गावातल्या घरांतच होते, जेवण चुलीवरचं, मासे हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात आणि त्यांना समुद्राकडे जायचं असतं.