विना-नांगरणीच्या काळ्या रानात जिप्सम टाकावं का?

दादा, तुमचं रान काळं, चुनखडीचं. तीन हंगाम नांगर लावलेला नाही, सोयाबीनवर हरभरा घेता. ब्राझीलमध्ये विना-नांगरणीच्या सोयाबीनला जिप्सम मानवतं असं वाचून एकरी दहा पोती टाकायचं म्हणताय. माझं स्पष्ट मत सांगतो: माती तपासल्याशिवाय एक पोतंही आणू नका.

तिकडचा फायदा खरा आहे, पण तो तिकडच्या मातीमुळे. ब्राझीलच्या सेराडो भागातली जमीन आम्ल, खालच्या थरात ॲल्युमिनियम इतकं की मुळं उतरतच नाहीत. चुना वरच अडकतो, आणि नांगरट नसल्याने खाली मिसळताही येत नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, पावसाबरोबर झिरपतं, ॲल्युमिनियमचा त्रास कमी करतं. मग मुळं खोल जातात. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. ॲल्युमिनियमचा प्रश्नच नाही, कॅल्शियम तर मुबलक. जिप्समने चुनखडी कमी होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते स्वतःच कॅल्शियम सल्फेट आहे.

आपल्याकडे त्याचं खरं काम चोपण रानात. बोअरच्या खराब पाण्याने मातीच्या कणांवर सोडियम बसतो, पाणी जिरत नाही, वाळल्यावर वर टणक पापडी धरते. अशा ठिकाणी कॅल्शियम सोडियमला हटवतो. हे घरीच ताडता येतं. वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका, दिवसभर ठेवा. ढेकळाभोवती गढूळ ढग पसरला तर सोडियमचा संशय धरा. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी स्वच्छ राहिलं, तर माती कमी सेंद्रिय कर्बाची आहे. तिथे जिप्सम नव्हे, काडीकचरा रानातच राहू देणं उपयोगाचं. ते तुम्ही करताच आहात, सोडू नका.

पक्कं मात्र प्रयोगशाळेतच कळतं. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत गंधक असतो, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांवर बसलेला सोडियम, नसतो. तो वेगळा मागा, सोबत जिप्समची गरजही काढून घ्या. या विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण (ईएसपी) 15 टक्क्यांच्या वर निघालं तर रान चोपण, आणि मग दहा पोत्यांनी भागणार नाही, कित्येकदा टनात लागतं. शिवाय सुटलेला सोडियम वाहून जायला चर हवेत, नाहीतर तो तिथेच घुटमळतो.

फक्त गंधकच कमी निघाला तर मामला सोपा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम असतंच, 50 किलोच्या पोत्यात साधारण साडेपाच किलो गंधक येतो. सोयाबीनला एकरी आठ किलोच्या आसपास पुरतो, म्हणजे दोन पोत्यांत काम झालं. तुम्ही डीएपी वापरत असाल तर त्यात गंधक नाही, तेवढा बदल करून बघा.

चोपण निघालंच, तर जिप्सम मिसळण्यासाठी नांगर काढू नका. पावसाच्या तोंडावर काडीकचऱ्यावरूनच सारखं फेकून द्या, पाऊस ते खाली नेतो. पुढे कपाशी घेणार असाल तर मॅग्नेशियमकडे लक्ष ठेवा. जास्तीचा कॅल्शियम त्याला मागे सारतो, आणि पानं लाल पडायचा त्रास आपल्या भागात आधीच आहे.