घर आपलं, पण शिवी कुणाच्या अंगावर पडते?

"घर माझं आहे ना? मग घरात तरी तोंडाला कुलूप कशाला?" लालबागहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका टॅक्सीचालकाने खुर्चीत टेकायच्या आधीच मला विचारलं. हा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात, म्हणून ही हकीकत लिहिते आहे. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळीतली एक खोली, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाने वर्गात मित्राला आईवरून शिवी दिली, म्हणून शाळेतून बोलावणं आलं होतं.

"दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोला, हवालदाराशी गोड बोला. परळच्या ट्रॅफिकमध्ये डोकं तापलं तरी गप्प बसा. मग ते सगळं काढायचं कुठे, मॅडम? आणि घरातल्या घरात शिवी दिली तर काय गुन्हा आहे?"

त्यांचं दुखणं खरं होतं. बारा तास गिळलेला राग कुठेतरी बाहेर पडणारच. कायद्याचं मात्र त्यांना अर्धंच ठाऊक होतं. अश्लील शब्दांबद्दलचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९४ कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतलं २९६, हे सार्वजनिक जागा आणि तिच्या आसपासपुरतं आहे. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा थेट उंबऱ्याच्या आत येतो. बाईचा अपमान करणं, तिला नावं ठेवणं, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं, हे सगळं त्यात शाब्दिक छळ म्हणून धरलं आहे. मी त्यांना हे शांतपणे सांगितलं. धाक घालायचा नव्हता.

तोंडातून एकही शिवी निघता कामा नये, असं मी कुणालाच सांगत नाही. मिक्सर बंद पडला, कॅच सुटला, तर 'आयला', 'च्यायला' निघणारच. त्या शब्दांतही आईच आहे, पण बोलून बोलून ते इतके गुळगुळीत झालेत की कुणाला बोचत नाहीत.

इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांच्या बायको तेव्हा बोलल्या. "ताई, हे मला कधीच शिवी देत नाहीत. पण गणित चुकलं की पोराला आईवरून देतात. त्याची आई मीच ना? मी तिथेच चपात्या लाटत असते."

ते बायकोकडे बघतच राहिले. "असं माझ्या मनातही नव्हतं गं," एवढंच म्हणाले.

मग बाईंनी पिशवीतून मुलाची गणिताची वही काढली. एका पानावर वजाबाकीचं उत्तर खोडरबराने इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. "हे शेजारी बसले की तो लिहितो आणि लगेच खोडतो. बरोबर असलं तरी."

ती वही मी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "सिग्नलला तुमचं ज्याच्यावर डोकं तापतं, तो सिग्नल सुटला की निघून जातो. एका खोलीत हा पोरगा कुठे जाणार?"

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. बाईंनी ते ऐकलं होतं. घरातही दंडाचा डबा ठेवू या का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. गावाने मिळून सगळ्यांदेखत ठराव केला, त्याला वजन आहे. घरात मात्र दहा रुपये टाकले की हिशेब मिटला असं वाटायला लागतं, आणि शिवी ज्याला बसली तो तसाच राहतो.

त्याऐवजी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायच्या असं ठरवलं. वस्तूला दिलेल्या शिवीची उभी रेघ, माणसाला दिलेल्या शिवीचा गोल. दोन आठवड्यांनी ते पान घेऊन आले. रेघा भरपूर, गोल सहा. सहाही रात्री नऊनंतरचे, सहाही गणिताच्या वेळचे.

मग गणित आईकडे गेलं आणि बाबांकडे सकाळचं पाठांतर आलं, गाडी काढायच्या आधीचं. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटं गॅलरीत एकट्याने बसायचं, कुणी हाक मारायची नाही, हेही ठरलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण राग उतरायला जागाच दिली नाही, तर नुसत्या मनाईने काही होत नाही.

पुढच्या महिन्याच्या पानावर एकच गोल होता. त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पप्पा सॉरी बोलले.' अक्षर मुलाचं होतं, आणि ते कुठे खोडलेलं नव्हतं.