कमानीचे पाय कोण धरतंय?

प्रश्न: मी सोलापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीना नदीवर 60 मीटर गाळ्याचा (दोन आधारांमधलं अंतर), 3 मीटर रुंद पादचारी पूल हा आमचा प्रकल्प. ट्रस (त्रिकोणांच्या जोडणीचा सांगाडा), कमान आणि झुलता पूल अशी तिन्ही मॉडेल स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये केली आहेत. एकूण भार मीटरला 20 किलोन्यूटन, त्यातला 5 पुलाचा स्वतःचा. ट्रसची उंची 6 मीटर, कमानीचा राइझ (पायापासून माथ्यापर्यंतची उंची) 12 आणि केबलचा झोळ 6. ट्रसचं गणित सुटलं. कमानीत मात्र मध्यावर 9000 किलोन्यूटन-मीटरच्या आसपास बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) येतो, आणि झुलत्या पुलात केबलच्या सांध्यांवर अस्थिरतेचा इशारा. सेक्शन वाढवूनही फरक पडत नाही. कुठे अडलंय?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: तो 9000 आकडा कळवलात हे फार बरं केलंत, कारण निदान त्यातच आहे. साध्या बीमवर सारखा भार असेल तर मध्यावरचा मोमेंट म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले 8. 20 गुणिले 3600 भागिले 8 करा, नेमके 9000 येतात. म्हणजे तुम्ही काढलेली आकृती कमानीची असली, तरी सॉफ्टवेअरला ती वाकडा बीम वाटते आहे. एका टोकाला रोलर, म्हणजे आडवा सरकू देणारा आधार, राहिलाय. भार आला की ते टोक बाहेर सरकतं, आडवा रेटा तयारच होत नाही, आणि सगळा भार वाकून पेलावा लागतो. मग सेक्शन कितीही जाड करा, मोमेंट तोच राहणार.

दोन्ही पायांना पिन, म्हणजे न सरकणारा आधार, द्या. आडवा रेटा 9000 भागिले 12, म्हणजे 750 किलोन्यूटन दिसेल आणि पॅराबोलाच्या आकाराच्या कमानीतला मोमेंट जवळजवळ नाहीसा होईल. एवढ्यावर खूश होऊ नका. माणसांची गर्दी फक्त अर्ध्या पुलावर ठेवून पाहा. स्वतःचे 5 वगळून उरलेला भार 15: 15 गुणिले 3600 भागिले 64, म्हणजे पाव गाळ्यावर सुमारे 844 किलोन्यूटन-मीटर. कमानीचा सेक्शन बहुधा हाच भार ठरवेल. पूर्ण भाराचं एकच चित्र अहवालात लावणारे प्रकल्प मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं, कारण कमानीची खरी परीक्षा त्यात आलेलीच नसते.

आता पुढचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ते 750 किलोन्यूटन जमिनीत कोण घेणार? पडद्यावरची पिन तसूभर हलत नाही. आपल्याकडे नदीकाठी काळी माती आणि खाली मुरूम; अशा जागी पाया थोडा जरी सरकला तरी रेटा कमी होतो आणि मोमेंट वाढतो. म्हणून पायाच्या जागी आडवी स्प्रिंग देऊन पाहा, किंवा दोन्ही पाय टायने, म्हणजे ताण घेणाऱ्या आडव्या दांड्याने, जोडा. टाय दिला तर एका बाजूचा रोलर योग्यच आहे, मात्र टाय मॉडेलमध्ये हवा आणि त्यात 750 चा ताण दिसायला हवा.

ट्रस सुटला म्हणता, पण हाताने ताडून पाहिलंत का? 9000 भागिले 6, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ट्रसच्या वरच्या पट्ट्यांत मिळून मध्यावर 1500 किलोन्यूटनच्या आसपास दाब हवा. भार सांध्यांवरच दिलाय ना, तेही बघा. वरून बांधणी नसेल तर दाबाखालची वरची पट्टी बाजूला लचकू शकते. अशा वेळी सॉफ्टवेअर मेंबरची जी लांबी आपोआप धरतं ती पुरेशी नसते, प्रभावी लांबी तुम्हीच द्यायची.

झुलत्या पुलाचा इशारा खरा आहे. केबलला स्वतःचा कडकपणा जवळजवळ नसतो, तो ताणातून येतो. मागावरचा ताणा सैल असताना बोट लावलं तर सूत कुठेही जातं. ताणलेलं असलं की परत जागेवर येतं. साध्या लिनियर गणितात हा ताण धरलाच जात नाही, म्हणून केबलचे सांधे बाजूच्या दिशेने मोकळे राहतात. केबल मेंबर वापरा, सुरुवातीचा ताण द्या आणि मोठी विस्थापनं धरणारं केबल ॲनालिसिस चालवा. सुरुवातीचा ताण फक्त पुलाच्या स्वतःच्या भाराचा: 5 गुणिले 3600 भागिले 48, म्हणजे दोन्ही केबलचा मिळून आडवा ताण 375 किलोन्यूटन. स्वतःच्या भाराखाली डेक (चालायचा भाग) ठरलेल्या पातळीवर राहिला आणि मनोऱ्याचं टोक सरकलं नाही, तर आकार जमला. यानंतर प्रत्येक भार-संयोग वेगळा चालवायचा. वेगवेगळ्या भारांचे निकाल इथे बेरजेने जोडता येत नाहीत.

पादचारी पूल आहे म्हणून कंपनांची वारंवारताही काढा. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि चालणाऱ्यांमुळे आडवा डोलू लागल्याने लगेच बंद करावा लागला. तोही झुलत्या प्रकारातलाच, अगदी कमी झोळाचा.

तापमान विसरू नका. आपला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हातलं पोलाद हवेपेक्षा तापतं. 40 अंशांच्या फरकाने 60 मीटर पोलाद सुमारे 29 मिलिमीटर वाढतं. ट्रसच्या रोलरला एवढी जागा हवी. पिन-पिन कमानीत हीच वाढ माथा वर उचलते आणि रेटा बदलते.

तुलनेत काय निवडायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: 60 मीटरला, सीनेच्या काठावर, मी ट्रस घेईन. तो वर्कशॉपमध्ये तुकड्यांनी करून आणता येतो, पायावर आडवा रेटा टाकत नाही, आणि झुलत्या पुलासारखे मोठे अँकर ब्लॉक काळ्या मातीत घालावे लागत नाहीत. टाय असलेली कमान दुसऱ्या क्रमांकावर.