प्रोसेसरवर आळ घेण्यापूर्वी : ओव्हरक्लॉकिंगनंतरच्या बिघाडांविषयी वाचकांचे प्रश्न

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक कार्ड ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे. त्याविषयीच्या या वेळच्या बऱ्याच पत्रांत ‘सीपीयू जळाला’ हे दोन शब्द आहेत. सीपीयू म्हणजे खरे तर प्रोसेसर, पण टेबलाखालच्या अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणण्याची आपल्याकडे पद्धत असल्यामुळे नेमके काय जळाले हे त्यातून कळत नाही, आणि पत्र पुढे वाचत गेले की बहुतेक ठिकाणी काहीच जळालेले नाही असे दिसते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. राजारामपुरीतून सुटे भाग आणून मी पीसी स्वतः जोडला. परवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर ४२ वरून ४७ केला, व्होल्टेज थोडे वाढवले आणि सेव्ह केले. तेव्हापासून पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही आणि बायोसमध्येही जाता येत नाही. प्रोसेसर गेला का?

उत्तर : बहुधा नाही. मल्टिप्लायर हा १०० मेगाहर्ट्झच्या मूळ गतीचा गुणक, म्हणून ४७ म्हणजे ४.७ गिगाहर्ट्झ; तुमच्या चिपला तेवढा वेग त्या व्होल्टेजवर झेपत नाही, आणि मदरबोर्ड मात्र प्रत्येक वेळी त्याच सेटिंगने सुरू होण्याचा प्रयत्न करतो. दोन-तीन वेळा अपयश आल्यावर काही बोर्ड आपणहून मूळ सेटिंगवर येतात, काही येत नाहीत. म्हणून पहिले काम सीमॉस, म्हणजे ही सेटिंग जपणारी बोर्डावरची छोटी मेमरी, रिकामा करण्याचे. भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. त्यानंतर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन क्लिअर-सीमॉस पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक काही सेकंद एकाच वेळी टेकवून ठेवा. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटे थांबण्याचा मार्गही आहे. परंतु अलीकडच्या काही बोर्डांवर सेल काढूनही सेटिंग पुसले जात नाही, त्यामुळे पिनांचा मार्ग अधिक खात्रीचा. सेल काढलाच तर मल्टिमीटर लावून पाहा : नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला बदलून टाकावा.

यानंतर पीसी सुरू कराल तेव्हा घाई करू नका. रॅम डीडीआर५ असेल तर सीमॉस पुसल्यावर बोर्ड तिचे टायमिंग नव्याने जुळवत बसतो, त्याला कधीकधी काही मिनिटे लागतात, आणि तोवर पडदा काळाच राहतो. या काळ्या पडद्याला घाबरून बटण बंद करणारा माणूस आपणच ते काम अर्धवट तोडत राहतो आणि बोर्ड मेला असे समजतो.

तरीही डिस्प्ले आला नाही, तर बोर्डावर, बहुधा २४ पिनांच्या प्लगजवळ, चार छोटे दिवे असतील ते पाहा. त्यांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि विंडोज असलेली डिस्क) असे छापलेले असते, आणि जो दिवा पेटलेला राहील तिथे गाडी अडली आहे. मग बोर्ड पुठ्ठ्यावर बाहेर काढून त्यावर प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवा. ती कोणत्या खाचेत लावायची हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते, बहुधा प्रोसेसरपासून दुसरी. ग्राफिक कार्ड काढून मॉनिटरची वायर थेट बोर्डाला लावण्यापूर्वी प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक आहे ना, याची खात्री करा. इंटेलच्या ज्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यात ते नसते, आणि त्यावर डिस्प्लेची वाट पाहणे व्यर्थ. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा प्लगही पुन्हा दाबून बघा. तो सुटला असला तरी पंखे ऐटीत फिरत राहतात. एकदा मी स्वतः याच प्लगपायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. शेवटी, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या कडेच्या हीटसिंकजवळ नाक नेऊन वास घ्या. जळकट वास आला तर दोष प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागात असण्याची शक्यता मोठी, आणि तिथून पुढे घरचे प्रयोग थांबवलेले बरे.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझे लेथचे वर्कशॉप आहे. ड्रॉइंगसाठी घेतलेला पीसी मुलाने ओव्हरक्लॉक केला. पूर्वी लाईट गेली तर यूपीएसवर दहा मिनिटे निघायची. आता लाईट जाताक्षणी पीसी बंद. लाईट असताना दिवसभर व्यवस्थित चालतो. एसएमपीएस बिघडला असे दुकानदार म्हणतात.

उत्तर : एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, विकत घेण्यापूर्वी कागदावर एक बेरीज करा, मोटरचा लोड काढणाऱ्याला ती अवघड नाही. प्रोसेसर पूर्वी ९० वॅट घेत होता, ग्राफिक कार्ड १३० आणि बाकीचे भाग ४०, असे धरू. हे २६० झाले. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर प्लगमधून ३०६ वॅट ओढले जातात. मॉनिटरचे ३० मिळवून ३३६. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो, म्हणजे पूर्वीही तो काठावरच होता. ओव्हरक्लॉकनंतर प्रोसेसर १५० वॅटवर गेला असेल, तर हीच बेरीज ४०६ वर पोहोचते. तीन हॉर्सपॉवरच्या मोटरला पाचाचा लोड दिल्यावर जे होते तेच इथे झाले आहे, आणि त्यात बिघाड कुणाचाच नाही.

मात्र अंदाजावर न थांबता पडताळून पाहा. पीसी मूळ सेटिंगवर आणा, सगळी कामे बंद करून नुसता डेस्कटॉप उघडा ठेवा आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग उपसू नका, उपसल्याने अर्थिंगही सुटते. पीसी चालू राहिला तर बेरीज बहुधा खरी. तेव्हाही पडला तर यूपीएसची बॅटरी थकली आहे, किंवा स्वस्त यूपीएस बॅटरीवर जी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो ती तुमच्या एसएमपीएसला मानवत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. ती पाहून अनेकजण एसएमपीएस बदलतात. पण तिचा अर्थ ‘पीसी रीतसर बंद झाला नव्हता’ एवढाच आहे, आणि ते तुम्हाला आधीच ठाऊक होते.

एसएमपीएसचीच शंका असेल तर हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणाऱ्याचे ऐकू नका, कारण त्या वेळी त्यावर लोडच नसतो. पीसी जोरात चालू असताना पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले पाहिजेत. क्षणभराची घसरण मात्र मल्टिमीटर पकडत नाही, म्हणून मित्राचा चांगला एसएमपीएस दिवसभर लावून बघणे हीच खरी परीक्षा. शेजारच्या मोठ्या मोटरी सुरू होताना पीसी रीस्टार्ट होत असेल, तर ती तक्रार वेगळी. तेव्हा आधी अर्थिंग तपासून घ्यावे.

प्रश्न : कसबा बावड्यातून लिहितो. दोन वर्षे प्रोसेसर १.४ व्होल्टवर ओव्हरक्लॉक करून वापरला, काहीही त्रास नव्हता. एप्रिलपासून पीसी मध्येच कोसळून ब्लू स्क्रीन येऊ लागल्या. आता सगळे स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, आणले तरी येतात. प्रोसेसर खरोखर ‘झिजतो’ का?

उत्तर : झिजतो, परंतु एप्रिल हा शब्द तुम्ही लिहिला आहे, म्हणून आधी त्याच्याकडे पाहू. जानेवारीतल्या सकाळी खोली २० अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी ३६ वर, आणि हा १६ अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा चिपच्या तापमानात उतरतो. थंडीत काठावर टिकलेले ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात पडते, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. त्यात दोन वर्षांची धूळ आणि प्रोसेसर व कूलर यांमधली वाळलेली थर्मल पेस्ट. तेव्हा स्टॉकवर, पूर्ण लोड देऊन तापमान बघा. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५; तिथे टेकल्यावर चिप स्वतःच वेग कमी करते.

पेस्ट बदलताना एक काळजी घ्या. जुन्या एएम४ सॉकेटच्या रायझनवर, ज्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात, वाळलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरशी इतकी चिकटवते की कूलर सरळ उपसला तर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट वर येतो. माझ्या हातून हे झाले आहे. वाकलेल्या दोन पिना ०.५ मिलिमीटरच्या रिकाम्या पेन्सिलीच्या नळीत घालून, श्वास रोखून सरळ केल्या. सुदैवाने तुटल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी पीसी दहा मिनिटे लोडवर चालवून पेस्ट मऊ करतो, मग तो बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळतो आणि नंतरच उचलतो.

आता झिजेबद्दल. चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत वाढते. व्होल्टेज १.२० वरून १.३५ आणि वेग ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झ केला, तर वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढतो, पण वीज जवळपास ३९ टक्क्यांनी. या जादा प्रवाहाच्या आणि उष्णतेच्या रेट्याने आतल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात, आणि व्होल्टेजच्या ताणाने ट्रान्झिस्टरही मंदावतात. परिणाम एकदम स्फोटासारखा होत नाही; पूर्वी ज्या वेगाला १.२० व्होल्ट पुरत होते त्यालाच आता १.२५ लागतात, आणि स्टॉक सेटिंग मात्र जुन्याच हिशेबाने चालते. म्हणून परीक्षा अशी : रॅमची गती मूळ ठेवा, तापमान ठीक असल्याची खात्री करा आणि प्रोसेसरचा कमाल वेग २००-३०० मेगाहर्ट्झने उतरवा. ब्लू स्क्रीन थांबल्या तर चिप झिजल्याचा संशय बळावतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी असतील, तर त्यांतला एपिक आयडी (चूक कोणत्या कोअरमध्ये झाली ते सांगणारा क्रमांक) उतरवून ठेवा. दर वेळी तोच क्रमांक येत असेल तर एकच कोअर थकलेला असावा.

तुमचा प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा असेल तर मात्र सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. त्यातील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत होते. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नव्या बायोसने पुढची झीज रोखता येते, झालेली भरून येत नाही.

प्रश्न : मंगळवार पेठेत माझे लग्नाचे अल्बम करण्याचे काम आहे. मी ओव्हरक्लॉक केलेले नाही, फक्त रॅमचे एक्सएमपी चालू आहे. पीसी कधीच हँग होत नाही. पण अधूनमधून झिप फाइल उघडत नाही, आणि दोन फोटो अर्ध्यातून खाली राखाडी झाले. हार्ड डिस्क बदलू का?

उत्तर : थांबा, आणि नवे फोटो या पीसीवर उतरवणेही थांबवा. एक्सएमपी म्हणजे रॅमचे ओव्हरक्लॉकिंगच. डीडीआर४ चे मूळ व्होल्टेज १.२ असते आणि एक्सएमपी ते बहुधा १.३५ करते. या सगळ्या पत्रांत मला सर्वांत धोक्याचा बिघाड हाच वाटतो, कारण बंद पडलेला पीसी निदान ओरडून सांगतो, आणि हा मात्र निमूटपणे चुकीचे लिहीत राहतो.

पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम घेऊन त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चार फेऱ्या होऊ द्या. एकसुद्धा एरर चालणार नाही. ‘हजारात एखादी’ असा हिशेब इथे नसतो. एरर आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तेव्हा ती गेली तर पट्टी बहुधा चांगली आहे, ती गती त्या प्रोसेसरला किंवा बोर्डाला झेपत नाही. चार पट्ट्या भरल्या असतील तर हे अधिक वेळा घडते. तरीही राहिली तर एकेक पट्टी वेगळी लावून दोषी शोधा. खोडरबराने पट्टीचे पिन घासण्याचा आपला जुना उपाय पावसाळी दमटपणात कधीकधी लागू पडतो, पण घासताना सोनेरी मुलामाही उतरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओलावून पुसणे चांगले. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते ती पाहून घ्याच, मात्र दुसऱ्या क्रमांकावर. आणि कॅमेऱ्याची कार्डे इतक्यात पुसू नका. गेल्या काही महिन्यांतल्या फोटोंची खरी प्रत कदाचित फक्त तिथेच असेल.

प्रश्न : ग्राफिक कार्डाचा वेग वाढवल्यापासून गेममध्ये रंगीत ठिपके येतात. कार्ड ओव्हनमध्ये तापवून दुरुस्त होते असे ऐकले.

उत्तर : ते करू नका, त्याने कार्ड जगलेच तर काही दिवस जगते, आणि भट्टी स्वयंपाकाची राहत नाही. वेग वाढवणारे सॉफ्टवेअर काढून टाका आणि ड्रायव्हर नव्याने टाका. ठिपके गेले तर प्रश्न मिटला. विंडोज सुरू होण्याआधी बायोसच्या पडद्यावरही ते दिसत असतील, तर वायर बदलून पाहा आणि कार्ड दुसऱ्या पीसीत लावा. तिथेही दिसले तर बहुधा कार्डावरची मेमरी गेली.

प्रश्न : बोर्ड वॉरंटीत आहे. ओव्हरक्लॉक केले होते हे दुकानात सांगावे का?

उत्तर : सांगावे. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हे खरे. पण कोणते व्होल्टेज किती दिवस दिले हे कळल्याशिवाय दुरुस्ती करणाराही अंधारातच चाचपडतो, आणि लपवलेली गोष्ट तपासणीत निघाली तर पुढचे बोलणेच खुंटते. दुसरी एक गोष्ट याहून अधिक उपयोगाची आहे. बोर्डाच्या पिना सॉकेटमध्ये असतील तर प्रोसेसर काढल्यावर सॉकेटवर त्याचे काळे प्लास्टिकचे झाकण बसवूनच बोर्ड द्या, कारण सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या दिसल्या की बोर्ड परत येतो. झाकण बसवण्यापूर्वी पिनांचा जवळून फोटो काढा आणि दुकानाच्या काउंटरवर, पावती घेण्याआधी, समोरच्याला तो बोर्डाशेजारी ठेवून दाखवा.